जागतिक अन्नबाजार आणि सीमाभागातील महागाई



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी अंकगणित शिकलो. नफा-तोट्याचे उदाहरण ते पुस्तकातल्या काल्पनिक व्यापाऱ्यावर कधी घालत नसत. त्या आठवड्याच्या बाजारात शेंगदाण्याचा, गुळाचा, जोंधळ्याचा जो भाव असेल तो मुलांना विचारून घेत आणि फळ्यावर मांडत. पुढे मी अर्थशास्त्र शिकलो आणि आयुष्यभर तेच शिकवले. परंतु भाव ही माणसाच्या पोटाशी निगडित असलेली गोष्ट आहे, केवळ आकडा नव्हे, हा संस्कार याच इमारतीतला. त्यांच्या नावाने बोलण्याची संधी संस्थेने मला दिली, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

आजचा विषय मी मुद्दाम असा निवडला आहे की, ज्याची एक बाजू फार दूर आहे आणि दुसरी आपल्या चुलीपाशी. अर्जेंटिनातील सोयाबीन, इंडोनेशियातील पामतेल, युक्रेनमधील सूर्यफूल यांचे भाव बदलले म्हणजे निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या टापूतील महागाईवर काय परिणाम होतो, असा हा प्रश्न आहे. 'जग जवळ आले' हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो. ते कोणत्या वाटेने जवळ आले, वाटेत कोणाच्या हातात फाटक आहे आणि ते फाटक उघडल्याने किंवा मिटल्याने कोणाचा लाभ आणि कोणाची हानी होते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

महागाई कोणाची?

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करू. एखाद्या वस्तूचा भाव वाढला म्हणजे ती वस्तू महागली. सर्वसाधारण भावपातळी सतत वाढत राहिली म्हणजे ती महागाई, अर्थशास्त्राच्या भाषेत चलनवाढ. ही वाढ मोजण्यासाठी एक काल्पनिक टोपली कल्पिलेली असते. सामान्य कुटुंब ज्या वस्तू घेते त्या त्या टोपलीत, ज्या प्रमाणात घेते त्या प्रमाणात, ठेवायच्या आणि टोपलीचा एकूण खर्च दरमहा तपासायचा. यालाच ग्राहक किंमत निर्देशांक म्हणतात.

आता या टोपलीत अन्नाचा वाटा किती, यावर सारे अवलंबून असते. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली दाखवून दिले की, कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. २०१२ हे आधारवर्ष धरून आपल्या देशात दीर्घकाळ जी मालिका चालली, तीत खाद्यपेयांचे वजन ४५.८६ टक्के होते. ग्रामीण भागासाठी ते ५४.१८, तर शहरी भागासाठी ३६.२९. पुढे २०२४ हे आधारवर्ष धरून नवी मालिका आली आणि तीत अन्नाचे वजन घटले. देशाची सरासरी मिळकत वाढली की असे होणे स्वाभाविकच आहे. अमेरिकेच्या निर्देशांकात हे वजन साधारण सातव्या भागाइतके असते. म्हणून जागतिक बाजारात अन्न महाग झाले की अमेरिकन कुटुंब कुरकुरते आणि आपल्याकडील कुटुंब पानातला एखादा पदार्थ कमी करते. विकसनशील देशात अन्नाचा भाव हीच महागाईची मुख्य ओळख असते, याचे कारण हे आहे.

सरासरीच्या आतही थर असतात. निपाणीत विडी वळणाऱ्या स्त्रीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. तिच्या टोपलीत तांदूळ, जोंधळा, डाळ, तेल, मिरची आणि चहा-साखर यांपलीकडे फारसे काही मावत नाही. एप्रिल २०२२मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के होता. परंतु अन्नाची महागाई त्याच महिन्यात ८.३८ टक्के होती. जुलै २०२३मध्ये टोमॅटोने कहर केला तेव्हा सर्वसाधारण दर ७.४४ आणि अन्नाचा ११.५१. उलट ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नाचे भाव वर्षापूर्वीच्या मानाने सुमारे ५ टक्के उतरले आणि एकंदर महागाई ०.२५ टक्क्यांवर आली. म्हणजे देशाचा आकडा चढला काय, उतरला काय, त्याला ओढणारा बैल बहुतेक वेळा अन्नाचाच असतो.

जुने नाते

जागतिक बाजाराशी आपला संबंध १९९१च्या आर्थिक धोरणापासून सुरू झाला, असा समज आहे. बेळगाव-धारवाडपुरता तरी तो खरा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. तेव्हा धारवाडच्या आणि बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील काळ्या जमिनीतल्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. कुमठ्याच्या बंदरातून तो कापूस बाहेर जात असे. कापूसवाल्यांच्या हाती पैसा खुळखुळला; पण मुंबई इलाख्यात धान्यही महागले आणि ज्यांच्याकडे विकायला कापूस नव्हता, त्यांच्या वाट्याला केवळ महागाई आली. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि चढत्या भावाच्या भरवशावर काढलेली कर्जे तेवढी मागे राहिली. पुढे अकराच वर्षांनी, १८७६-७७च्या दुष्काळात हा सारा टापू होरपळून निघाला.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळांविषयी जो सिद्धान्त मांडला त्याचे सार असे की, माणसे धान्य नाही म्हणून मरत नाहीत, तर धान्य घेण्याची ऐपत हरवते म्हणून मरतात. आपल्या पूर्वजांनी तो सिद्धान्त शंभर वर्षे आधी भोगला होता.

निपाणीची तंबाखू मात्र वेगळी. ती विडीची तंबाखू. तिचा बाजार मुख्यतः देशांतर्गत. तेथे भाव पाडणारा परदेशी नव्हता. १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू-उत्पादकांनी पुणे-बेंगळूर महामार्ग अडवला आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. ते आंदोलन रास्त भावासाठी होते. त्याची आठवण येथे एवढ्यासाठीच करतो की, भाव हा विषय या गावाने रक्त सांडून अभ्यासलेला आहे. त्यानंतरच्या काळात तंबाखूच्या बरोबरीने ऊस आणि सोयाबीन ही पिके या भागात पसरली, आणि तेव्हापासून आपले शेत पुन्हा एकदा जगाच्या बाजाराला जोडले गेले.

तीन वाटा

जागतिक भाव आपल्यापर्यंत तीन वाटांनी येतात.

पहिली वाट आयातीची. आपण जे बाहेरून आणतो त्याचा भाव परदेशात ठरतो. रुपयाचे मोल घसरले तर तो आणखी चढतो. खाद्यतेल आणि काही डाळी या वाटेने येतात. डाळींच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट लक्षात घ्या. तूर खाणारा मोठा देश जगात एकच, तो म्हणजे आपला. म्हणून आपल्याकडे पीक बुडाले आणि आपण म्यानमारकडे किंवा पूर्व आफ्रिकेकडे वळलो की, आपल्या मागणीनेच तेथला भाव चढतो. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा आयातीचा उतारा पुरेसा लागू पडला नाही, याचे एक कारण हे होते. २०१६ साली मोझांबिकशी दीर्घ मुदतीचा करार करावा लागला.

दुसरी वाट निर्यातीची. जे आपण बाहेर विकतो, त्याला बाहेर चांगला भाव आला की व्यापारी ते बंदराकडे नेतो आणि देशात टंचाई भासते. तांदूळ, कांदा, साखर यांची ही वाट. येथे सरकार फाटक मिटते. मे २०२२मध्ये गव्हाची निर्यात बंद झाली, जुलै २०२३मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची, डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची. जगातील तांदळाच्या निर्यातीत भारताचा वाटा सुमारे ४० टक्के असल्याने आपले फाटक मिटले की आफ्रिकेतल्या गरिबाचा भात महागतो. २००८ साली अनेक देशांनी एकाच वेळी फाटके मिटली, तेव्हा तांदळाचा जागतिक भाव टनाला हजार डॉलरांच्या पलीकडे गेला होता. तेव्हा जगाची महागाई आपल्याकडे येते तशी आपलीही जगाकडे जाते, हे विसरून चालणार नाही.

तिसरी वाट खत आणि डिझेलची. ही कोणाच्या नजरेत येत नाही, कारण खत कोणी ताटात वाढून घेत नाही. पोटॅश आपण जवळजवळ सर्वच बाहेरून आणतो. २०२० साली हजार रुपयांच्या आतबाहेर असलेले पोटॅशचे पोते २०२२ साली १७०० रुपयांवर गेले. ऊस हे पोटॅश भरपूर घेणारे पीक. बेळगावच्या बाजारातून गोव्याला रोज भाजीपाला जातो. डिझेल महागले की येथल्या कोबी-फ्लॉवरचा भाव पणजीत चढतो आणि ती वाढ येथल्या शेतकऱ्याच्या खिशात पडतेच असे नाही.

तेल आणि सोयाबीन

या तिन्ही वाटांपैकी पहिल्या वाटेवर थोडे थांबू, कारण आपल्या भागाचे सारे त्रांगडे तेथे एकवटलेले आहे.

आपल्या आजीच्या काळी या मुलखात तेल म्हणजे शेंगदाण्याचे, करडईचे, क्वचित कारळ्याचे. ते गावच्या घाण्यावर निघे. १९८६ साली सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान हाती घेतले आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. ही गोष्ट आज कोणाला खरी वाटणार नाही. १९९४ पासून आयात खुली होत गेली, १९९५ साली आयातशुल्क ३० टक्क्यांवर आले, पुढे ते आणखी उतरले. आज आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल जहाजाने येते: पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचे अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे रशिया आणि युक्रेनमधून.

याचा परिणाम २०२१ आणि २०२२ साली दिसला. कोरोनाकाळात मलेशियातील मळ्यांना मजूर मिळेनात, दक्षिण अमेरिकेत अवर्षण, त्यावर २४ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनवर आक्रमण, आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच काही आठवडे बंद केली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्नभाव निर्देशांक मार्च २०२२मध्ये सुमारे १६० झाला. २०१४-१६ची सरासरी १०० धरली जाते. आपल्याकडे तेलवर्गाची वार्षिक भाववाढ २०२१च्या मध्यासच ३० टक्क्यांच्या पुढे गेली होती. बेळगावच्या रविवार पेठेतला दुकानदार आणि निपाणीतला किराणावाला या घटनांचा कर्ता नव्हता. गिऱ्हाईक मात्र त्यालाच बोलत होते.

यावर उपाय म्हणून सरकारने आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरवले. कच्च्या तेलावरील शुल्क ५.५ टक्क्यांपर्यंत आले. गृहिणीला दिलासा मिळाला. परंतु ज्या शेतकऱ्याने ऑगस्ट २०२१मध्ये सोयाबीनला क्विंटलला दहा हजारांच्या आसपास भाव ऐकला आणि पुढल्या हंगामात चार सऱ्या अधिक टोकल्या, त्याला २०२४ साली हमीभावही मिळेना. तो हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या पुष्कळ खाली. ओरड झाली. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या तेलावरील एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के आणि शुद्ध तेलावरील १३.७५ वरून ३५.७५ टक्के झाले. दिवाळीच्या तोंडावर तेल महागले. मग सोयाबीनचा भाव चढला का? फारसा नाही. तेल महाग आणि सोयाबीन स्वस्त, हे कोडे त्या वर्षी पुष्कळ शेतकऱ्यांनी मला विचारले.

कोडे सोडवण्यासाठी गुरुवर्यांच्या पद्धतीने फळ्यावर मांडू. एक क्विंटल सोयाबीनमधून तेल निघते सुमारे १८ किलो. उरते ती ८० किलोच्या आसपास पेंड. समजा, तेल किलोला २० रुपयांनी महागले. क्विंटलमागे लाभ ३६० रुपये. त्याच वेळी पेंड किलोला सहाच रुपयांनी उतरली. तोटा ४८० रुपये. म्हणजे तेल महागूनही सोयाबीन १२० रुपयांनी स्वस्त होणार. पेंड का उतरली? ती कोंबडीच्या खाद्यात जाते. जागतिक बाजारात पेंडीचा सुकाळ होता, आणि देशात मक्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांचा चोथा स्वस्त खाद्य म्हणून पेंडीच्या जागी शिरला. शुल्क वाढवले ते तेलावर. शेतकऱ्याचे दुखणे होते पेंडीत. औषध एका अवयवाला आणि रोग दुसऱ्याला, असा तो प्रकार झाला. ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणले गेले. नऊ महिन्यांत फाटक एकदा मिटले आणि एकदा अर्धे उघडले.

यातून एक सामाजिक प्रश्न निर्माण होतो. दोन शेजारी कुटुंबे कल्पा. एकाकडे शेत नाही. घरातली बाई विड्या वळते. महिन्याला चार किलो तेल लागते. तेल किलोला ५० रुपयांनी महागले तर त्या घराला वर्षाला २४०० रुपयांची खोट. दुसऱ्याकडे दोन एकर सोयाबीन, उत्पन्न सोळा क्विंटल. भाव ८०० रुपयांनी उतरला तर त्याला १२८०० रुपयांची खोट. स्वस्त तेलाने वाचलेले २४०० वजा केले तरी दहा हजारांहून अधिक हानी उरते. स्वस्ताई कोणाला हवी आणि महागाई कोणाला, याचे उत्तर या दोन घरांत वेगवेगळे येते. आणि ही दोन घरे एकाच गल्लीत असतात. पुष्कळदा एकाच घरात सासू विड्या वळते आणि मुलगा शेत करतो. म्हणून 'शेतकरी विरुद्ध ग्राहक' अशी जी मांडणी वर्तमानपत्रांतून होते, ती मला आपल्या भागापुरती खोटी वाटते. शत्रू असेल तर तो भावाचा बेभरवसा.

साखर: मिटलेले फाटक

बेळगाव हा कर्नाटकातील उसाचा अग्रगण्य जिल्हा. येथे जागतिक भाव उलट्या रीतीने लागू होतो. २०२१-२२ साली देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. १ जून २०२२ पासून निर्यातीवर बंधन आले. पुढल्या हंगामात कोटा साठ लाख टनांच्या आसपास राहिला आणि २०२३-२४मध्ये निर्यात बंदच होती. नेमके २०२३च्या अखेरीस साखरेचा जागतिक भाव दशकभरातील उच्चांकावर होता. देशातला चहा गोड राहिला, हे खरे. त्याचे मोल ऊसकऱ्याने आणि कारखान्याने भरले. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे वर्षानुवर्षे तेथेच राहिला. उसाचा रास्त व किफायतशीर दर मात्र २०१८-१९च्या क्विंटलला २७५ रुपयांवरून २०२५-२६ला ३५५ रुपयांपर्यंत गेला. कात्रीच्या या दोन पात्यांत कारखाने सापडले आणि बिले थकली. नोव्हेंबर २०२५मध्ये आपल्याच जिल्ह्यातील गुर्लापूर क्रॉसवर ऊस-उत्पादक ठाण मांडून बसले ते टनाला ३५०० रुपये मागण्यासाठी. ३३०० रुपयांवर तडजोड झाली. त्या दोनशे रुपयांच्या अंतरात निर्यातबंदीचा, इथेनॉलच्या धोरणाचा आणि ग्राहकाच्या स्वस्त साखरेचा, असा सर्वांचा हिस्सा आहे.

शिधा, मजुरी आणि शाळेतले जेवण

सरकारच्या हातात फाटकाखेरीज दुसरे साधन असते, ते शिध्याचे. त्याचेही एक उदाहरण आपण अनुभवले. जून २०२३मध्ये केंद्राने महागाईच्या भीतीने आपल्या साठ्यातून राज्यांना तांदूळ विकणे थांबवले. कर्नाटकाला अन्नभाग्य योजनेत माणशी पाच किलो तांदूळ जादा द्यायचा होता, तो मिळेना. तेव्हा जुलै २०२३ पासून किलोला ३४ रुपये या हिशेबाने माणशी १७० रुपये रोख देण्यात आले. फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा तांदूळ मिळू लागला. दरम्यान दुकानातला तांदूळ ३४ रुपयांना मिळत नव्हता, हे येथील प्रत्येक गृहिणी सांगेल. वस्तूऐवजी रोख दिली की महागाईचा धोका सरकारच्या खांद्यावरून कुटुंबाच्या खांद्यावर येतो.

मजुरीचेही तसेच. नोकरदारांचा महागाई भत्ता निर्देशांकाशी बांधलेला असतो. कामगार निर्देशांकाच्या २००१च्या मालिकेत बेळगाव हे स्वतंत्र केंद्रच होते. विडी कामगारांच्या किमान वेतनालाही बदलता महागाई भत्ता जोडलेला आहे. परंतु तो वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये बदलतो. तेल जूनमध्ये महागले तर त्याची भरपाई दहा महिन्यांनी, आणि तीही पूर्ण मजुरी हाती पडली तर. शेतमजुराची प्रत्यक्ष हाती पडणारी मजुरी तर बहुधा कोणत्याच निर्देशांकाशी बांधलेली नसते.

शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना शाळेतल्या जेवणाचा उल्लेख केलाच पाहिजे. मध्यान्ह भोजनात प्राथमिकच्या मुलाला २० ग्रॅम डाळ आणि ५ ग्रॅम तेल, उच्च प्राथमिकच्या मुलाला ३० ग्रॅम डाळ आणि साडेसात ग्रॅम तेल असे मान ठरलेले आहे. धान्य सरकारी गोदामातून येते. डाळ, भाजी, तेल, मसाला यांसाठी रोख रक्कम येते. ती एप्रिल २०२० पासून प्राथमिकला मुलामागे ४.९७ रुपये आणि उच्च प्राथमिकला ७.४५ रुपये होती. तिच्यात बदल झाला तो ऑक्टोबर २०२२मध्ये, ५.४५ आणि ८.१७. या अडीच वर्षांत तेल जवळपास दीडपट झाले होते. मधला मोठा काळ शाळा बंद होत्या, हे खरे. पण त्या उघडल्या तेव्हा स्वयंपाकीणबाईंच्या हाती जुनीच रक्कम होती आणि नवा भाव होता. अशा वेळी आमटी पातळ होते. तिची नोंद कोणत्याही निर्देशांकात होत नाही, कारण पानात आमटी वाढली एवढेच कागदावर दिसते. पुढे डिसेंबर २०२४ आणि मे २०२५मध्ये रक्कम वाढली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

व्याजदराने कांदा पिकतो का?

२०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई ४ टक्क्यांवर, दोन टक्के इकडेतिकडे, राखण्याची जबाबदारी कायद्याने आहे. २०२२ साली सलग तीन तिमाह्या ती ६ टक्क्यांच्या वर राहिली आणि बँकेला सरकारकडे लेखी खुलासा करावा लागला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्के झाला. टीकाकार म्हणतात, युक्रेनचे सूर्यफूल मुंबईच्या व्याजदराने कसे फुलणार? २०२३-२४च्या आर्थिक पाहणीत तर अन्न वगळून महागाईचे लक्ष्य ठरवावे, असा विचार मांडला गेला.

या टीकेत तथ्य आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. अन्नाची महागाई अन्नापुरती थांबत नाही. ती मजुरीच्या मागणीत शिरते, खानावळीच्या दरात शिरते, 'उद्या आणखी महागेल' या धास्तीत शिरते, आणि मग ती सर्वांची महागाई होते. शिवाय अन्न वगळून मोजलेली महागाई विडी वळणाऱ्या बाईला दाखवून 'तुझी महागाई आटोक्यात आहे' असे सांगणे ही क्रूर थट्टा होईल. व्याजदर हे हत्यार बोथट असेल. म्हणून मोजमापातून गरिबाचे ताट वगळणे, हा उपाय नव्हे.

काय करता येईल?

माझ्या अल्प मतीप्रमाणे चार गोष्टी. एक, खाद्यतेलाचे आयातशुल्क आरडाओरड झाली की बदलू नये. जागतिक भाव उतरला की शुल्क आपोआप चढेल आणि भाव चढला की उतरेल, अशी सरकती श्रेणी पेरणीपूर्वी जाहीर करावी. दोन, निर्यातबंदीने ग्राहकाला दिलेल्या स्वस्ताईचे मोल सरकारी तिजोरीने भरावे, एकट्या शेतकऱ्याने नव्हे. तीन, शाळेतल्या भोजनाची रक्कम आणि शिध्याऐवजी दिली जाणारी रोख निर्देशांकाशी बांधावी आणि ती वर्षातून दोनदा तरी तपासावी. चार, भुईमूग आणि करडई यांना आपल्या शेतात पुन्हा जागा करून द्यावी. सगळे तेल येथेच पिकवू, असा माझा आग्रह नाही. परंतु फोडणीचे सारेच तेल सातासमुद्रापलीकडून यावे, हेही शहाणपणाचे नाही.

विद्यार्थी मित्रांना एक काम सांगतो. तुमच्यापैकी पाच-दहा जणांनी एक वही घालावी आणि दर आठवड्याच्या बाजारात तांदूळ, जोंधळा, तूरडाळ, तेल, साखर, कांदा यांचे भाव लिहावेत. त्यांच्या शेजारी त्याच आठवड्यातले सोयाबीनचे आणि उसाचे दर. वर्षाअखेर ती वही या संस्थेच्या ग्रंथालयात ठेवावी. दिल्लीतला निर्देशांक सबंध देशाची सरासरी सांगतो; निपाणीच्या गल्लीतला भाव सांगणारा कागद मात्र आपणच लिहावा लागेल. वहीला पाच वर्षे झाली की तुमच्यातलाच कोणी याच व्यासपीठावरून या विषयावर माझ्याहून चांगले बोलेल, अशी मला खात्री आहे.